हात मी धरले होते

“हिला काय विचारताय? मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या घरातली आहे ही. स्वतःच्या अंगात कुठं काय असतं ते तरी हिला माहीत आहे का, ते विचारा आधी.”

मॅडम असं म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून बाकीच्या सिस्टर हसल्या. बाहेरगावाहून आलेली ती शिकाऊ डॉक्टर पोरगी, तीही ओठ दाबून हसली. मी भिंतीला टेकून उभी होते. खोलीत खुर्च्या होत्या, पण मॅडम असताना आम्ही खुर्चीवर बसत नसू.

नाशिक रोडचं खासगी प्रसूतिगृह. मॅडम तिथल्या मालकीण आणि मोठ्या डॉक्टर. नोटांच्या प्रेसमधल्या साहेबांच्या बायका, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या सुना, सगळ्या त्यांच्याकडेच यायच्या. मी तिथली नर्स. मॅडमच्या बोलण्यात नर्स वगैरे काही नाही, नुसती ‘मुलगी’. ए मुली, ट्रे आण. ए मुली, दार लाव. मी तिशीला टेकले होते, तरी मुलगीच.

त्या शिकाऊ डॉक्टरच्या हातात फॉर्मचा गठ्ठा होता. पुढच्या परीक्षेसाठी तिला प्रबंध लिहायचा होता. काही लोकांत लहान मुलींची सुंता करतात, म्हणजे मुलीच्या नाजूक जागेचा भाग कापतात. ही गोष्ट दवाखान्यात काम करणाऱ्या बायकांना माहीत आहे का, आणि माहीत असली तर त्यांना त्याबद्दल काय वाटतं, हा तिचा विषय. चारच प्रश्न होते. ऐकलंय का. पाहिलंय का. कधी त्यात मदत केलीय का. आणि शेवटी, हे चालू राहावं की बंद व्हावं.

आधी कुणाशी बोलू, असं तिनं विचारलं. मी जवळ उभी, म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढंच झालं होतं. त्यावर मॅडमचं हे मेथीचं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडलं नाही. कारण चारही प्रश्नांची उत्तरं पक्की माहीत असलेल्या त्या खोलीत तिघीच होत्या. एक मॅडम. एक लीलाताई, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. आणि तिसरी मी.

मेथीचं सांगून टाकते, मला त्याची लाज नाही. आम्ही सायखेड्याचे. गोदावरीच्या काठाला आमचं रान. मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू. सकाळी जुड्या बांधून मग शाळेत जायचं. हिरवी बोटं घेऊन वर्गात बसले की शेजारची पोरगी वही सरकवून घ्यायची. दहावीला बरे मार्क पडले. आईनं बापाशी भांडून मला नर्सिंगच्या कोर्सला घातलं. “पोरगी पांढऱ्या कपड्यात दिसली पायजे मला,” एवढं एकच ती म्हणत राहिली, आणि बाप शेवटी कंटाळून हो म्हणाला.

कोर्सच्या वर्गात भिंतीवर बाईच्या शरीराचा तक्ता होता. प्रत्येक अवयवाला बाण, बाणाच्या टोकाला नाव. एका जागेला मात्र बाणच नव्हता. मी उठून विचारलं, हे काय. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “ते आपल्या अभ्यासक्रमात नाही.” पोरी खुसखुसल्या, मी खाली बसले. म्हणजे मॅडम बोलल्या त्यात अर्धं खरं होतं. मला नाव माहीत नव्हतं. पण ते मेथीमुळे नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही म्हणून.

आता त्या दिवसाचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. उन्हाळ्याची सुट्टी. ओपीडी आटोपली होती, आम्ही डबे उघडले होते. एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी सात वर्षांची असेल. नवा फ्रॉक, नवे सँडल, दोन वेण्यांना फिती. तिला आइस्क्रीम कबूल केलं होतं, कारण ती मला आल्या आल्या विचारत होती की आइस्क्रीमचं दुकान कुठल्या बाजूला आहे. आई बाकावर बसली ती मान खाली घालूनच.

मॅडमनी मला ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं. म्हणाल्या, “छोटं काम आहे. तू हात धर. लीला गुडघे धरेल.”

मी विचारलं, “हिला झालंय काय?”

“काही झालेलं नाही. त्यांच्यात करतात. मी नाही केलं तर घरी कुणीतरी म्हातारी ब्लेडनं करेल. मी निदान स्वच्छ करते. आता शहाणपणा नको, धर.”

मी धरले.

पुढचं सांगणार नाही. ते त्या मुलीचं आहे, सांगायचं की नाही ते तिनं ठरवावं. माझं तेवढं सांगते. तिची दोन्ही मनगटं माझ्या मुठीत होती. तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी म्हणत होते, झालं, झालं बाळा. झालेलं काही नव्हतं. ती म्हणाली, “ताई, सोडा.” तीन वेळा म्हणाली. मी सोडलं नाही.

नंतर मॅडमनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: लघवीच्या जागी इन्फेक्शन, ड्रेसिंग केले. शेजारी सही माझी. मग आम्ही परत डबे उघडले. मी जेवले त्या दिवशी. वांग्याची भाजी होती, ती पण आठवते.

वाचणारा आता विचारणार, कोणत्या समाजाची होती ती. मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात, हां, म्हणजे त्यांच्यात होय. आणि सगळे मोकळे. मला राग येतो या ‘त्यांच्यात’चा. दवाखाना कुणाचा होता? टेबल कुणाचं? हत्यार धरणाऱ्या मॅडम दर श्रावणात सत्यनारायण घालायच्या. गुडघे धरणाऱ्या लीलाताई सोमवार करायच्या. हात धरणारी मी माळ्याची पोर. त्या दारामागे ‘त्यांच्यातलं’ एकच माणूस होतं, आणि ते सात वर्षांचं होतं.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. सुट्टीचे दिवस आले की दुपारची ड्युटी टाळायची. कधी डोकं दुखायचं, कधी गावाकडे काम निघायचं. ड्रेसिंग रूमचं दार दुपारी बंद दिसलं की मी खाली बाळंतिणींकडे जाऊन बसायचे. याला कानाडोळा म्हणतात हे मला कळत होतं. अशी सात वर्षं गेली. मग ती शिकाऊ डॉक्टर आली, आणि मॅडमचं ते बोलणं झालं.

फॉर्म देऊन ती पोरगी म्हणाली, “नाव घालू नका. ज्याचा त्यानं भरा. परवा सकाळी घ्यायला येते.” ती जिना उतरली आणि मॅडमनी गठ्ठा माझ्यापुढे टाकला.

“सगळ्यांचे तूच भरून टाक. ऐकलंय, नाही. पाहिलंय, नाही. मदत, नाही. शेवटी मत नाही.”

आमच्याकडे ही रीतच होती. सरकारी तपासणी यायची म्हटली की महिन्याचे तक्ते मी एका बैठकीत भरायचे. न झालेल्या मीटिंगा, न दिलेली ट्रेनिंगं, न आलेल्या बायकांच्या सह्या. एकदा काळं पेन, एकदा निळं. अक्षर कधी डावीकडे झुकवायचं, कधी उजवीकडे. दोन-चार कागद मुद्दाम चुरगाळायचे. लीलाताई कौतुकानं म्हणायच्या, “हिच्या एका हातात दहा हात हायेत.” आणि खरं सांगते, मला ते कौतुक आवडायचं. दवाखान्यात माझं कौतुक तेवढ्याच एका गोष्टीचं होत होतं.

आम्ही दहा जणी होतो. मी बसले आणि नऊ फॉर्म भरले. नाही, नाही, नाही, मत नाही. माझा दहावा राहिला. धाडस वगैरे काही नाही, चहा आला म्हणून राहिला. तसाच पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी मी केसपेपरच्या खिडकीत बसले होते. एक बाई आली. एका हाताला लहान मुलगी, मागे एक मोठी. बाई हळूच म्हणाली, “मॅडमना भेटायचं होतं. धाकटीसाठी. सुट्टी लागलीय आता.” मी तिला ओळखलं नव्हतं. पण तिची मान खाली गेली आणि मला कळलं काय काम आहे.

मागची मोठी मुलगी पुढे आली. चौदा वर्षांची, उंच, केस बांधलेले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खिडकीच्या फळीवर माझे हात होते त्यांच्याकडे पाहिलं. आईला म्हणाली, “मम्मी, हीच होती. हिनंच माझे हात धरले होते.”

ओरडून नाही म्हणाली. बाजूच्या बाकावर तीन-चार पोटुशा बायका बसल्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं. रस्ता कुठला ते सांगावं तितक्या साध्या आवाजात तिनं ते सांगितलं, आणि धाकटीला स्वतःच्या मागे ओढून घेतलं. माझ्यापासून.

मॅडमचा अपमान मी घरी नेला असता. आईला सांगितला असता, तिनं मॅडमच्या सात पिढ्या काढल्या असत्या, मी रडून मोकळी झाले असते. हे कुणाला सांगणार? हा अपमान नव्हता. ही ओळख होती. तिला मॅडम आठवत नव्हत्या, त्यांच्या तोंडाला मास्क होता. तिला मी आठवत होते. सात वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी फक्त हात धरले, कापलं नाही. आणि त्या पोरीच्या डोक्यात कापणारी कुणीच नव्हती, धरणारीच होती. मेथीवाली म्हटलं म्हणून मी जळत होते दोन दिवस. लाज वाटायला हवी होती ती भलत्याच गोष्टीची वाटत होती मला.

लीलाताईंनी त्या बाईला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. दुपारी, ओपीडी संपल्यावर. तोंडीच. ही वेळ कधी वहीत लिहायची नसे.

कपडे बदलायच्या खोलीत मी लीलाताईंना गाठलं. विचारलं, “तुम्हाला काय वाटतं हो याचं?”

“कशाचं?”

“उद्याचं.”

त्या साडीच्या निऱ्या करत होत्या. म्हणाल्या, “आपल्याला वाटून काय? आपल्यात नाय ना. त्यांचं त्यांना.”

“धरतो तर आपण.”

त्यांनी निऱ्या खोचल्या. मग म्हणाल्या, “मी डोळे मिटून धरते, पोरी.” आणि पिशवी उचलून गेल्या. मला त्यांचा राग येईना. त्यांची फक्त कीव आली, आणि लगेच माझीही आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शिकाऊ डॉक्टर आली. आम्ही सगळ्या स्टाफरूममध्ये. मॅडमनी तिला गठ्ठा दिला. ती चाळत गेली आणि म्हणाली, “सगळ्यांचं ‘नाही’च आहे. म्हणजे इथे कुणाला माहितीच नाही.” तिला ते सोयीचं वाटलं असावं, कारण तिनं वहीत लगेच काहीतरी टिपलं. मग मोजून म्हणाली, “नऊच आहेत. दहावा?”

मी म्हणाले, “दहावा माझा. आणि हे नऊही मीच भरलेत.”

“काय बोलतेस?” मॅडम म्हणाल्या.

“अक्षर बघा, ताई. काळं पेन, निळं पेन, हात एकच. खोटे आहेत ते सगळे.”

मी पर्समधून माझा फॉर्म काढला. खुर्ची ओढली आणि बसले. मॅडमसमोर पहिल्यांदाच. मोठ्यानं वाचत भरला. ऐकलंय? हो. पाहिलंय? हो. मदत केलीय? हो. शेवटच्या प्रश्नाला खूण करायला तीन चौकोन होते. मी ‘बंद व्हावं’वर खूण केली आणि खाली जागा होती तिथं लिहिलं: वरचा मजला, ड्रेसिंग रूम. नाव घालू नका असं सांगितलं होतं. मी नाव घातलं.

पोरीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मॅडम इंग्रजीत सुरू झाल्या. आमच्यापासून लपवायचं असलं की इंग्रजी. आठ वर्षं ऐकून ऐकून मला ते कळायला लागलंय, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. म्हणत होत्या, ही मुलगी डोक्यानं जरा कमी आहे, साध्या गाठीचं ऑपरेशन होतं, खेड्यातल्या मुलींचे गैरसमज असतात. आणि तुझ्या सरांशी माझी चांगली ओळख आहे, मी फोन करते त्यांना.

पोरगी माझ्याकडे वळली. आवाज अगदी मऊ. “ताई, एकच फॉर्म बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तर तो धरता येत नाही.”

मी म्हणाले, “आणि नऊ खोटे धरता येतात?”

तिनं दहाही फॉर्म बॅगेत कोंबले आणि ती निघाली. वाईट नव्हती ती. घाबरली. पण तिला घाबरणं परवडत होतं, तिच्या घरातली पोर दुपारी टेबलावर जाणार नव्हती.

मॅडम मला म्हणाल्या, “आजचा दिवस भर आणि उद्यापासून येऊ नकोस.” म्हटलं, बरं. आजचा दिवसच मला हवा होता.

दुपारी त्या तिघी आल्या. आई, मोठी आणि धाकटी. धाकटीच्या अंगात नवा फ्रॉक. मी वरच्या मजल्यावर ड्रेसिंग रूमच्या दारात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले. आत मॅडम हातमोजे घालत होत्या, शेजारी लीलाताई.

मी आईला म्हणाले, “ताई, हिला आत न्यायचं नाही. मोठीचे हात मी धरले होते. ती मला तीन वेळा सोडा म्हणाली होती. मी सोडलं नव्हतं. तुम्ही बाहेर बसला होतात. तुम्हाला ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते.”

ती बाई म्हणाली, “ऐकू आलं होतं.”

मोठीनं आईकडे पाहिलं. तिला हे माहीत नसावं. त्या मायलेकींमध्ये त्या क्षणी काय झालं ते मी सांगू शकत नाही, आणि तिथं मला डोकवायचं पण नव्हतं.

मॅडम दारात आल्या. “बाजूला हो. तुझ्यासारख्या छप्पन मिळतात मला.”

“मिळू द्या. मी हलणार नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, त्यांनाही हेच सांगते.”

“लीला, हिला बाजूला कर आणि मुलीला आत घे.”

लीलाताई जागच्या हलल्या नाहीत. खाली बघत म्हणाल्या, “मॅडम, एकटीला नाय जमायचं धरायला. दोन जणी लागतात.”

तेवढंच म्हणाल्या. ते बंड होतं की नुसती कामाची अडचण सांगितली, मला आजही माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही. खालून दुसरी सिस्टर बोलवायची तर चार पेशंटच्या देखत बोलवावी लागली असती. मॅडमनी हातमोजे काढले. आईनं धाकटीचा हात धरला आणि तिघी जिना उतरून गेल्या.

मी तिला वाचवलं असं म्हणणार नाही. दुसऱ्या दवाखान्यात नेली असेल. घरीच केलं असेल. मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं मी भोगते.

निघताना मी मॅडमकडे मागितलं की मला का काढलं ते लिहून द्या. त्यांनी दिलं नाही. काय लिहिणार होत्या? महिन्याभरात नाशिक रोडला गाजलं की मी इंजेक्शनं चोरायचे. वर्षभर कुठल्या दवाखान्यानं दारात उभं केलं नाही. मी परत रानात गेले. आईला सगळं सांगितलं, हातांचंही. ती मला जवळ घेईल असं वाटलं होतं. तिनं घेतलं नाही. म्हणाली, “पांढरे कपडे यासाठी घातले व्हते का तू?” बरोबर बोलली.

आता मी खेड्यांतल्या सुईणींना आणि नव्या नर्सपोरींना शिकवते. त्या जागेचं नाव पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते आणि सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घेते. खुसखुसणारीला उभी करते. त्यांना सांगते की डॉक्टर म्हणाला धर, तर आधी विचारा कशासाठी. उत्तर ‘त्यांच्यात करतात’ असं आलं तर हात मागे घ्या. नोकरी जाईल. माझी गेली. मी त्यांना खोटं सांगत नाही.

तो प्रबंध पास झाला म्हणे. कुठल्या तरी कपाटात असेल, आणि त्यात लिहिलं असेल की नाशिक रोडच्या एका दवाखान्यात दहापैकी नऊ बायकांना काही माहीत नव्हतं. ते खोटं माझ्या हातचं आहे, म्हणून खरं पण माझ्या हातानं लिहिते. आम्हाला माहीत होतं. आम्ही टेबल पुसून तयार ठेवत होतो.

मला त्या मोठ्या मुलीची माफी नको. मागणारही नाही, ते ओझं तिच्यावर कशाला. ती आता बाई झाली असेल. उद्या तिनं तोंड उघडलं, पोलिसात, कोर्टात, कुठंही, तर आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझं घालावं. मी हजर राहीन. दुसरं नाव मी स्वतः सांगेन.